वीज किती वापरली आणि केव्हा वापरली: घरगुती ग्राहकांचे गट कसे पाडले जातात

अशी दोन घरे डोळ्यांसमोर आणा, जिथे दिवसाला बरोबर ८ युनिट वीज लागते आणि त्यामुळे महिन्याच्या शेवटी दोघांच्या बिलावर एकच आकडा छापून येतो. पहिल्या घरात दिवसभर कोणी ना कोणी असते आणि तिथला वापर चोवीस तास जवळजवळ एकसारखा, म्हणजे ०.३३ किलोवॅटच्या आसपास राहतो. दुसऱ्या घरातली माणसे सकाळीच बाहेर पडतात, त्यामुळे वीस तास तिथे ०.१ किलोवॅटचा किरकोळ भार असतो आणि संध्याकाळचे चार तास मात्र तो १.५ किलोवॅटवर जातो. वीस तासांचे २ युनिट आणि चार तासांचे ६ युनिट, बेरीज पुन्हा ८ च. बिलाच्या दृष्टीने ही जुळी घरे आहेत. परंतु पहिल्यासारखी हजार घरे एका वाहिनीवर असतील तर त्या वाहिनीला सुमारे ३३३ किलोवॅट वाहून न्यावे लागतात आणि दुसऱ्यासारखी हजार घरे असतील तर संध्याकाळी १,५०० किलोवॅट. तारा, रोहित्रे आणि वीजनिर्मिती केंद्रे सर्वाधिक मागणीच्या घटकेला पुरतील अशा बेताने उभारावी लागतात, आणि म्हणून दुसऱ्या प्रकारच्या घरांसाठी साडेचारपट क्षमता उभी करून ती दिवसाचा बहुतेक वेळ मोकळी ठेवावी लागते.

घरगुती ग्राहकांचे त्यांच्या वापराच्या नमुन्यांवरून गट पाडण्याची गरज इथून निर्माण होते. महिन्याचा एकूण आकडा जी माहिती लपवतो, ती दिवसाच्या चढउतारात असते. वेळ आडव्या अक्षावर आणि वापर उभ्या अक्षावर मांडला की जी रेषा मिळते तिला भारवक्र म्हणतात. हजारो भारवक्रांतून एकमेकांशी मिळतेजुळते वक्र एकत्र आणणे, एवढेच या कामाचे स्वरूप आहे. सांगायला ते सोपे असले, तरी ‘मिळतेजुळते’ म्हणजे नेमके काय, हे ठरवताना जे निर्णय घ्यावे लागतात त्यांतच या विषयाचे सारे अवघडपण आहे.

महिन्यातून एकदा वाचला जाणारा मीटर होता तोपर्यंत हा प्रश्न असा विचारताच येत नव्हता. तेव्हा काही मोजक्या घरांमध्ये नोंदणीयंत्रे बसवून त्यांच्या सरासरीवरून ठरावीक नमुनावक्र तयार केले जात आणि बाकीची सर्व घरे तशीच वागतात असे गृहीत धरले जाई. ब्रिटनमध्ये १९९८ पासून वीजबाजाराचे हिशेब करण्यासाठी ग्राहकांचे आठ नमुनावर्ग वापरले गेले आणि त्यांपैकी घरगुती ग्राहकांसाठी केवळ दोन होते: एक सर्वसाधारण दराचा आणि दुसरा रात्रीचे सात तास स्वस्त वीज घेणाऱ्यांचा. कोट्यवधी घरांचे वागणे दोन रेषांत बसवलेले होते.

स्मार्ट मीटर आल्यावर चित्र पालटले. दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारा मीटर दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० आकडे देतो. दहा लाख घरांसाठी ही संख्या वर्षाला ३,५०४ कोटींवर जाते. लंडनमध्ये नोव्हेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात झालेल्या एका प्रयोगात ५,५६७ घरांच्या अर्ध्या तासाच्या नोंदी जमा झाल्या आणि त्या पुढे सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्यामुळे या विषयाच्या अभ्यासकांना आपापल्या पद्धती तपासून पाहण्यासाठी एक समान सामग्री मिळाली. एवढ्या आकड्यांकडे माणसाने नुसते पाहून काही उमगणे शक्य नाही. म्हणून संगणकाकडून गट पाडून घ्यावे लागतात, आणि ते पाडताना ‘हा ग्राहक अमुक प्रकारचा आहे’ असे कोणतेही उत्तर आधीपासून संगणकाजवळ नसते. वर्गीकरण आणि गटविभागणी यांत हाच फरक आहे. वर्गीकरणात खाने आधी ठरलेले असतात आणि प्रत्येक वस्तू योग्य खान्यात टाकायची असते, तर गटविभागणीत खानेही आकड्यांतूनच शोधायचे असतात.

गट पाडण्याआधी बरेच निवडणे-टिपणे करावे लागते आणि माझ्या मते अंतिम निकालाचा दर्जा पुढच्या गणितापेक्षा इथेच अधिक ठरतो. पहिली गोष्ट म्हणजे शून्य आणि नोंदच नसणे यांत फरक करणे. मीटरशी संपर्क तुटल्यामुळे हरवलेला तास शून्य म्हणून भरला गेला, तर ते घर त्या वेळी अंधारात होते असे गणिताला वाटते आणि अशा घरांचा एक बनावट गटच तयार होतो. छतावर सौर पॅनेल असलेली घरे आधीच वेगळी काढणे इष्ट, कारण त्यांचा मीटर दुपारी घरातला खरा वापर दाखवत नाही. वापरातून निर्मिती वजा जाऊन उरलेला आकडा तो दाखवतो आणि कधीकधी तो उणेही असतो. सुट्टीचे आणि कामाचे दिवस एकत्र करायचे की नाही, ऋतू वेगळे ठेवायचे की नाही, हेही याच टप्प्यावर ठरते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक मूलभूत आहे: आकार पाहायचा की आकारमान? एका घरात दिवसाला २० युनिट लागतात, दुसऱ्यात ४, पण दोन्ही घरे आपापल्या वापरातला अर्धा भाग संध्याकाळी खर्च करतात. आकडे जसेच्या तसे वापरले तर गणित या दोघांना दूर ठेवते आणि जे गट तयार होतात ते बहुतांशी ‘जास्त, मध्यम, कमी’ असेच असतात, ज्यांसाठी स्मार्ट मीटरची आवश्यकताच नव्हती. उलट प्रत्येक तासाच्या वापराला त्या दिवसाच्या एकूण वापराने भागले, तर उरतो तो केवळ आकार, आणि ही दोन घरे शेजारी येतात. भारवक्रांच्या अभ्यासात बहुधा हाच दुसरा मार्ग धरला जातो. मात्र त्यात एक धोका आहे. एखादे घर बंद असेल आणि आत फक्त फ्रिज चालू असेल, तर त्या यंत्राच्या आपोआप चालू-बंद होण्यातले बारीक चढउतार भागाकारानंतर मोठाले डोंगर दिसू लागतात. ज्या घरात त्या दिवशी कोणी नव्हतेच, त्या घराला गणित एक ठळक स्वभाव बहाल करते. अतिशय कमी वापराचे आणि सपाट वक्राचे दिवस भागाकाराच्या आधीच बाजूला काढून त्यांचा स्वतंत्र गट मानणे, हा यावरचा साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

आता प्रत्यक्ष गट पाडण्याची पद्धत पाहू. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत के-मीन्स या नावाने ओळखली जाते. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली ध्वनीसारखे संकेत मोजक्या आकड्यांत बसवण्याच्या कामासाठी ती मांडली होती, जेम्स मॅक्वीन यांनी १९६७ साली तिला आजचे नाव दिले आणि लॉइड यांचा मूळ लेख मात्र १९८२ साली प्रसिद्ध झाला. तिची रीत अशी आहे. समजा आपल्याला पाच गट हवे आहेत. आरंभी कोणतेही पाच वक्र प्रतिनिधी म्हणून निवडायचे. नंतर प्रत्येक घराचा वक्र या पाचांपैकी कोणाला सर्वांत जवळचा आहे ते पाहून ते घर त्या प्रतिनिधीच्या गटात घालायचे. सर्व घरांची वाटणी झाली की प्रत्येक गटातील वक्रांची सरासरी काढायची आणि ती सरासरी त्या गटाचा नवा प्रतिनिधी मानायची. प्रतिनिधी बदलल्यामुळे काही घरांना आता दुसरा गट अधिक जवळचा वाटतो, म्हणून पुन्हा वाटणी, पुन्हा सरासरी. कोणतेही घर जागा बदलेनासे झाले की काम थांबते. आरंभीचे पाच वक्र वेगळे निवडले तर शेवट वेगळा होऊ शकतो, यासाठी हीच प्रक्रिया अनेकदा चालवून त्यातला सर्वांत घट्ट गटांचा निकाल ठेवतात.

इथे ‘जवळचा’ म्हणजे काय? दोन घरांच्या प्रत्येक तासाच्या वापरातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चोवीस तासांची बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितकी घरे जवळची. हे व्यवहार्य आहे, पण वीजवापराच्या बाबतीत ते कसे फसते हे एका लहानशा उदाहरणातून नीट कळते. ‘अ’ घरात संध्याकाळी सात ते आठ या तासात एक युनिट अधिक वापरले जाते. ‘ब’ घरात तेच एक युनिट आठ ते नऊ या तासात. ‘क’ घरात असा उंचवटा कधीच येत नाही. बाकी सर्व तासांत तिघेही सारखे आहेत. कोणत्याही माणसाला विचारले तर तो ‘अ’ आणि ‘ब’ यांना एकत्र ठेवील, कारण दोघांची संध्याकाळ सारखीच आहे, फक्त एक तास मागेपुढे. पण वर्गांची बेरीज करून पाहा. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात सातच्या तासात एकाचा आणि आठच्या तासात एकाचा फरक आहे, म्हणून अंतर २. ‘अ’ आणि ‘क’ यांच्यात केवळ एका तासात फरक आहे, म्हणून अंतर १. गणिताच्या लेखी ‘अ’ हे घर आपल्या खऱ्या जोडीदारापेक्षा उंचवटाच नसलेल्या घराला अधिक जवळचे ठरते. के-मीन्सच्या निकालात पुष्कळदा एक भलामोठा, निर्गुण, सपाटसा गट दिसतो आणि त्यात परस्परांशी संबंध नसलेली घरे कोंबलेली आढळतात, त्याचे एक कारण हे आहे.

यावर उपाय म्हणून काही जण वेळेचा अक्ष ताणून किंवा आकसून दोन वक्रांची तुलना करण्याची पद्धत वापरतात. ती मुळात बोललेले शब्द ओळखण्यासाठी विकसित झाली, कारण एकच शब्द एक माणूस भरभर उच्चारतो आणि दुसरा सावकाश. वाणीच्या बाबतीत ती चोख आहे. विजेच्या बाबतीत मात्र तिला मोकळे सोडले तर संध्याकाळी सहाचा आणि रात्री अकराचा उंचवटाही ती एकच मानेल, आणि आपला मूळ प्रश्नच ‘केव्हा’ हा असल्यामुळे उत्तर हातातून निसटेल. म्हणून ताणण्याची मर्यादा तासा-दीड तासाची ठेवावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे तासांऐवजी तीन-तीन तासांचे टप्पे घ्यावेत. सहा ते नऊ हा एकच टप्पा धरला की वरच्या उदाहरणातील ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातील अंतर शून्य होते. बारीक नोंदी उपलब्ध असताना त्या जाड करणे अनेकांच्या जिवावर येते, पण प्रश्नाला जेवढी बारकाई लागते तेवढीच ठेवण्यात काही गमावले जात नाही.

दुसरा सापळा सरासरीचा आहे आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. बहुतेक वेळा प्रत्येक घराच्या वर्षभरातील दिवसांची सरासरी काढून एकच वक्र बनवतात आणि त्या वक्रांचे गट पाडतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या व्यक्तीचे घर घ्या. तिचे निम्मे दिवस पहाटे सहाला सुरू होतात आणि त्या दिवशी सकाळीच सारा वापर होतो, तर उरलेल्या निम्म्या दिवशी तो रात्री दहानंतर होतो. सरासरी काढली की एक छोटा उंचवटा सकाळी आणि एक छोटा उंचवटा रात्री असा दुहेरी वक्र मिळतो. असा दिवस त्या घरात वर्षभरात एकदाही आलेला नसतो. तरीही गणित त्या घराला खरोखरच रोज सकाळ-रात्र दोन्ही वेळा वीज वापरणाऱ्या कुटुंबांच्या गटात नेऊन बसवते.

म्हणून आधी घरांचे नव्हे, तर दिवसांचे गट पाडावेत, ही कल्पना मला सर्वांत पटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन लाखांहून अधिक घरांच्या तासागणिक नोंदींवर हे करून दाखवले. प्रत्येक घराचा प्रत्येक दिवस हा एक स्वतंत्र वक्र मानला, त्या कोट्यवधी वक्रांतून वारंवार दिसणाऱ्या आकारांचा जणू एक शब्दकोश तयार केला, आणि मग प्रत्येक घराचे वर्णन ‘या घराचे कोणते दिवस किती वेळा कोणत्या आकाराचे असतात’ अशा प्रकारे केले. याचा एक मोठा लाभ असा की घर किती नियमित आहे हेही मोजता येते. त्यासाठी क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाच्या सिद्धांतात आणलेली एंट्रॉपी ही कल्पना वापरतात. ज्या घराचा प्रत्येक दिवस एकाच आकाराचा आहे त्याची एंट्रॉपी शून्य. ज्याचे दिवस चार आकारांत समसमान वाटलेले आहेत त्याची २ बिट (बिट हे एंट्रॉपी मोजण्याचे एकक). आकार जितके अधिक आणि वाटणी जितकी समान, तितका आकडा मोठा. ज्याची एंट्रॉपी कमी आणि उंचवटा नेमका मागणीच्या ऐन वेळी, त्या घराला वापर थोडा पुढे ढकलण्याची विनंती करण्यात अर्थ आहे, कारण उद्या ते केव्हा वीज वापरील हे बऱ्याच अंशी सांगता येते. ज्याचा रोजचा दिवस वेगळा, त्याच्या बाबतीत अशा विनंतीचा परिणाम मोजणेही कठीण.

काही ठिकाणी संपूर्ण वक्र न घेता त्यातून मोजके गुणधर्म काढतात: रात्रीचा किमान वापर, सकाळचा आणि संध्याकाळचा वाटा, सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांतले प्रमाण, तापमान एका अंशाने बदलल्यावर वापर किती बदलतो. अशा पाच-सहा आकड्यांवरून पाडलेले गट ग्राहकाला समजावून सांगणे सोपे जाते.

गट किती असावेत, याचे उत्तर आकड्यांत दडलेले असते अशी एक समजूत आहे. त्यासाठी निर्देशांकही आहेत. १९८७ साली मांडला गेलेला सिल्हूट निर्देशांक प्रत्येक घरासाठी दोन गोष्टी पाहतो: आपल्या गटातील घरांपासूनचे सरासरी अंतर आणि सर्वांत जवळच्या परक्या गटापासूनचे सरासरी अंतर. पहिले २ आणि दुसरे ५ असेल, तर फरक ३ ला मोठ्या अंतराने, म्हणजे ५ ने भागून ०.६ मिळते. एकाच्या जवळचा आकडा म्हणजे घर योग्य ठिकाणी, शून्याच्या जवळचा म्हणजे सीमेवर, आणि उणे आकडा म्हणजे बहुधा चुकीच्या गटात. घरगुती वीजवापरावर हा निर्देशांक चालवला की तो पुष्कळदा दोन किंवा तीनच गट पुरेत असा कौल देतो, कारण घरांचे वापर हे स्पष्ट बेटांसारखे नसून एकमेकांत मिसळत जाणाऱ्या उतारासारखे असतात. दोन गटांचा कोणालाच उपयोग नसतो. दर ठरवणाऱ्याला कदाचित सहा-आठ गट लागतील, रोहित्राची क्षमता ठरवणाऱ्याला केवळ ऐन मागणीच्या वेळचे तीन गट पुरतील, आणि उद्याच्या मागणीचा अंदाज बांधणाऱ्याला तीस गटही चालतील, कारण त्याला ते कोणाला समजावून सांगायचे नसतात. निर्देशांकाने सल्ला द्यावा, निर्णय कामाच्या गरजेवरून घ्यावा, असे मी म्हणेन. त्याहून महत्त्वाची कसोटी स्थैर्याची आहे: घरांचे दोन यादृच्छिक भाग करून प्रत्येकावर वेगळी विभागणी केली असता तेच गट पुन्हा मिळतात का? मिळत नसतील, तर ते गट त्या ठरावीक आकड्यांच्या योगायोगातून आलेले आहेत.

हे गट कशासाठी वापरतात, ते वरच्या उदाहरणांतून आलेच आहे. अंदाज बांधण्याचा उपयोग थोडा अधिक सांगण्याजोगा आहे. एका घराचा उद्याचा वापर सांगणे जवळपास अशक्य असते आणि सर्व घरांचा मिळून अंदाज बांधताना वेगवेगळ्या कारणांनी होणारे बदल एकमेकांत विरघळून जातात. तापमानाला तीव्र प्रतिसाद देणारी घरे एका गटात आणि त्याची पर्वा नसलेली दुसऱ्या गटात ठेवून दोघांचे अंदाज वेगळे काढले आणि मग बेरीज केली, तर अनेकदा चूक कमी होते. विद्युत वाहने वाढत असताना हे अधिकच उपयोगी ठरते, कारण घरी गाडी चार्ज करण्याचा साधारण ७ किलोवॅटचा भार त्या घराच्या इतर सर्व वापराला झाकून टाकतो आणि एकाच रोहित्रावर अशी किती घरे आहेत हे आधी कळलेले बरे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते तिच्याकडे वळतो. भारवक्र सांगतो तो वापर, त्यामागचे कारण नव्हे. चोवीस तास सपाट आणि चढा वापर असलेल्या घरात उधळपट्टी होत असेल, किंवा आजारी माणसाला प्राणवायू पुरवणारे यंत्र अखंड चालू असेल. अतिशय कमी वापराचे घर काटकसरी असेल, किंवा बिलाच्या भीतीने थंडी-उकाडा सहन करणारे असेल. गणित या दोघांना एकाच गटात ठेवते आणि त्यात त्याची चूक नाही. चूक होते ती गटाला नाव देताना. ‘बेफिकीर ग्राहक’ किंवा ‘आदर्श ग्राहक’ अशी नावे एकदा अहवालात आली की पुढचे सारे निर्णय त्या नावांकडे पाहून घेतले जातात. ‘संध्याकाळी उंचवटा, सुट्टीच्या दिवशी सपाट’ असे रुक्ष नाव द्यावे, म्हणजे जे मोजले गेले तेवढेच बोलले जाते.

खासगीपणाचा प्रश्नही इथे येतो. अमेरिकेत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले होते की पुरेशा बारीक नोंदी असतील, तर एकाच मीटरच्या आकड्यांवरून घरातले कोणते उपकरण केव्हा सुरू झाले हे ओळखता येते. अर्ध्या तासाच्या नोंदीतून एवढे दिसत नाही, पण घर केव्हा रिकामे असते आणि माणसे केव्हा झोपतात हे दिसतेच. नेदरलँड्समध्ये २००९ साली स्मार्ट मीटर सक्तीचे करणारा प्रस्ताव संसदेच्या वरिष्ठ सभागृहात अडला, तो मुख्यतः याच आक्षेपावरून. गट पाडण्याच्या कामाला ग्राहकाचे नाव आणि पत्ता लागत नाही. गट तयार झाल्यावर प्रत्येक घराचे मूळ वक्र जपून ठेवण्याचीही बहुतेक कामांना गरज उरत नाही, गटाचा प्रतिनिधी वक्र आणि घरांची संख्या पुरते.

शिवाय घर आणि मीटर तेच राहतात, माणसे बदलतात. भाडेकरू जातो, मूल जन्मते, कोणी निवृत्त होते, कोणी घरून काम करू लागते, आणि जुना गट त्या मीटरला तसाच चिकटून राहतो. म्हणून प्रत्येक घराच्या गटासोबत तो कोणत्या काळातील नोंदींवरून ठरवला ती तारीख लिहिलेली असावी, वर्षातून किमान एकदा वाटणी नव्याने व्हावी, आणि एखाद्या घराचे अलीकडचे दिवस त्याच्या गटाच्या प्रतिनिधीपासून सलग काही आठवडे दूर जात असतील तर वर्ष संपण्याची वाट न पाहता त्याला त्या गटातून मोकळे करावे.